ज्यांनी गाव सोडलं, त्यांचे फोटो

ग्रेट ब्लास्केटच्या जुन्या फोटोंपैकी काही पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास फसतो. खडकाळ उतारावरून एक प्रचंड काळा भुंगा चाललेला दिसतो. पाठ चकचकीत, डोकं नाही आणि खाली माणसाचे पाय, सहा किंवा आठ. नीट पाहिल्यावर कळतं की ही उलटी धरलेली होडी आहे. तिच्या पोटात तीन-चार जण शिरले आहेत, आडव्या फळ्या खांद्यावर घेतल्या आहेत आणि सगळे लयीत पावलं टाकत धक्क्याकडे निघाले आहेत. या होडीला तिथे ‘नेवोग’ म्हणतात. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर डांबर, एवढीच तिची बांधणी. गावाला बंदर नव्हतं आणि होडी पाण्यात ठेवली तर लाटा तिचा चुरा करणार. म्हणून रोज ती अशी उचलून आणायची आणि परत नेऊन दगडांच्या आधारावर उपडी घालायची.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या डिंगल द्वीपकल्पासमोर ब्लास्केट बेटांचा पुंजका आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट ग्रेट ब्लास्केट, आयरिश भाषेत ‘अन ब्लास्कीड मोर’. लांबी सहा किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम एक, आणि मधोमध डोंगराचा कणा २९२ मीटरपर्यंत चढलेला. शेजारच्या एका बेटाचा आकार उताण्या झोपलेल्या माणसासारखा आहे, त्याला स्थानिक लोक ‘मेलेला माणूस’ म्हणतात. किनाऱ्यापासून ग्रेट ब्लास्केट दोनेक किलोमीटरच दूर आहे, डनक्विनच्या धक्क्यापासून समुद्रमार्गे पाचेक. निरभ्र दिवशी पलीकडच्या शेतातली गाय दिसावी इतकं जवळ. तरीही हिवाळ्यात वारा फिरला की आठवडेच्या आठवडे पलीकडे जाता येत नसे. हे बेट दुर्गम होतं ते मधल्या पाण्यामुळे. पलीकडचा किनारा रोज समोर दिसायचा, पण तिथे जाण्याचा दिवस समुद्र ठरवायचा.

गाव बेटाच्या पूर्व टोकाला, किनाऱ्याकडे तोंड करून उतारावर वसलेलं. देऊळ म्हणावं असं चर्च नाही, पाद्री नाही, डॉक्टर नाही, दारूचा गुत्ता नाही. माणूस मेला की त्यालाही नेवोगमधून पलीकडे न्यायचं आणि डनक्विनला पुरायचं. फोटोंत घरं दिसतात ती जमिनीत अर्धवट रुतलेली, डोंगराच्या कुशीत पाठ घुसवून बसलेली. वाऱ्याशी जमवून घ्यायचं तर दुसरा उपाय नव्हता. छपरं आधी गवताची होती, पुढे डांबर लावलेल्या जाड कापडाची झाली. गवती छपराच्या काळात कोंबड्या वर जाऊन त्यातच अंडी घालत. एका घरात सगळे जेवायला बसलेले असताना वरून पिलं खाली पडली आणि एक थेट दुधाच्या भांड्यात, असा किस्सा टोमास ओक्रोहन या बेटावरच्याच कोळ्याने लिहून ठेवला आहे. तो वाचल्यावर त्या फोटोंतल्या छपरांकडे पाहताना हसू आवरत नाही.

त्या जुन्या काळी गावात कॅमेरा आला तो पाहुण्यांच्या गळ्यात. १९०५च्या उन्हाळ्यात नाटककार जे. एम. सिंग बेटावर आला आणि ‘राजा’च्या घरी उतरला. राजा म्हणजे मुकुटवाला नव्हे. गावाने मान दिलेला कर्ता माणूस, ‘री’ हे त्याचं पद. पाड्रिग ओकाहान हा शेवटचा राजा बेटाचा पोस्टमनही होता, तो १९२९ साली गेला. त्याच्या स्वयंपाकघरात एका संध्याकाळी सिंगने आपल्याजवळचे फोटो बाहेर काढले. ते या बेटाचे नव्हते, वर आरान बेटांवर आणि विक्लोमध्ये काढलेले होते. घरची तरुण गृहिणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघत राहिली, आणि तिचं लक्ष सारखं जाई ते लहान मुलं असलेल्या दोन-तीन फोटोंकडे. सिंगने हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. बेटवासीयांचे फोटो जगाने पाहिले, ते पुढे. पण बेटवासीयांनी दुसऱ्यांचे फोटो कसे पाहिले, हे इतक्या जवळून सांगणाऱ्या नोंदी फार नाहीत.

मग पाहुण्यांची रीघच लागली, कारण इथे आयरिश भाषा अजून तोंडी जिवंत होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला हस्तलिखितांचा जाणकार रॉबिन फ्लॉवर १९१०पासून येऊ लागला. गावाने त्याच्या आडनावाचा अनुवाद करून त्याला ‘ब्लाहीन’, म्हणजे छोटं फूल, करून टाकलं. १९४६ साली तो वारला तेव्हा त्याची रक्षा या बेटावरच पसरली. १९२०च्या दशकात स्वीडनहून कार्ल विल्हेल्म फॉन सिदॉव हा लोकसाहित्याचा अभ्यासक आला आणि त्याने माणसं, घरं, होड्या मनसोक्त टिपल्या. (‘द सेव्हन्थ सील’ आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’मधला उंच, हाडकुळा नट मॅक्स फॉन सिदॉव हा त्याचाच मुलगा.) डब्लिनचा चष्मेविक्रेता थॉमस मेसन आपल्या कॅमेऱ्यासह आयर्लंडची बेटं पालथी घालत होता, त्याचं पुस्तक १९३६ साली आलं. एका छोट्या गावाचा कौटुंबिक अल्बम असा परक्या माणसांच्या पेट्यांत, डब्लिनच्या अभिलेखागारांत विखुरला गेला.

फोटोंत काय दिसतं? डोक्यावरून शाल घेतलेल्या बाया. गाढवांच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, त्यांत डोंगरावरून खणून आणलेलं पीट, म्हणजे जळणाची माती. बेटावर झाड नव्हतं, चूल पेटायची ती या मातीवर. दारापुढे सापळे विणत बसलेले पुरुष. हे सापळे शेवंडांसाठी, आणि त्यांच्या लवचीक काड्याही पलीकडून आणाव्या लागत. रात्री जोडीजोडीने नेवोग घेऊन बांगडा धरायचा, तो खारवून पिंपांत भरायचा, आणि उन्हाळ्यात शेवंड. हा बांगडा आपल्याकडच्या बांगड्याचा उत्तरेकडचा भाऊबंद, पण जाळं ओढणाऱ्याच्या तळहाताला पडणारे घट्टे सगळीकडे सारखेच.

पश्चिम आयर्लंडच्या त्या काळच्या फोटोंत एक गोष्ट नेहमी बुचकळ्यात टाकते, ती म्हणजे परकर घातलेली मोठाली मुलं. त्या मुली नाहीत, मुलगे आहेत. टोमासनेही आपण बराच मोठा होईपर्यंत करड्या परकरात वावरल्याचं सांगितलं आहे. याची लोकांनी दिलेली कारणं अनेक. त्यांतलं सर्वांत लाडकं असं की पऱ्यांना मुलगे पळवायची खोड, मग त्यांना फसवायचं. पोराचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवून सटवीला चकवणाऱ्या मराठी आयांना यात नवल वाटायचं कारण नाही.

फोटोखाली नाव लिहायचं म्हटलं तरी पंचाईत. बेटावर आडनावं मोजकीच, ओकाहान, ओक्रोहन, ओसुलिवन अशी, आणि पहिली नावंही तीच तीच. म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या किंवा आईच्या नावाने, कधी आजोबांच्याही. आपल्याकडे मधलं नाव करतं तेच काम.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा ‘गरीब पण सुंदर’ माणसांचा आणखी एक संग्रह ठरला असता. असे संग्रह जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली माणसं बहुधा मुकी असतात. ब्लास्केटची माणसं बोलली, आणि छापून बोलली. टोमासला आयरिश बोलता येत होतं, लिहिता-वाचता मात्र तो चाळिशी ओलांडल्यावर शिकला. त्याचं आत्मचरित्र ‘अन टोलानाख’, म्हणजे ‘बेटावरचा माणूस’, १९२९ साली आलं. फ्लॉवरने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. १९३३ साली मुरिश ओसुलिवन या पोरसवदा बेटवासीयाने, जो तोवर पोलिसात भरती झाला होता, आपल्या वाढत्या वयाची वीस वर्षं लिहिली. त्याच्या इंग्रजी आवृत्तीला ई. एम. फॉर्स्टरची प्रस्तावना आहे. तिसरी पेग सेअर्स. ती लग्न होऊन बेटावर आलेली सासुरवाशीण, आणि गोष्ट सांगावी तर तिनेच. तिने सांगितलं, मुलाने उतरवून घेतलं, आणि १९३६ साली पुस्तक झालं. पुढे ते आयर्लंडच्या शाळांत दशकानुदशकं सक्तीचं होतं. त्यामुळे शालीतल्या म्हातारीचा तो मुखपृष्ठावरचा फोटो पाहून आजही कित्येक आयरिश माणसांच्या पोटात परीक्षेचा गोळा येतो. बिचाऱ्या पेगचा यात काही दोष नाही. ती विनोदी बाई होती असं तिला ओळखणारे सांगत.

दोनशेही वस्ती नसलेल्या गावात इतके लेखक निघावेत, याला जोड सापडणं कठीण. फोटोत टोमास हॅट घालून, मिशा राखून, डोळे किंचित बारीक करून उभा दिसतो, आणि पाहणाऱ्याला माहीत असतं की या माणसाने आपली किती मुलं गमावली. एक कड्यावरून पडला, काही आजारात गेली, आणि १९०९ साली डॉनल हा मुलगा बुडणाऱ्या एका पाहुण्या मुलीला वाचवायला समुद्रात शिरला तो परत आला नाही. मुलगीही गेली. तिचं नाव आयलीन निकोल्स, डब्लिनहून आयरिश शिकायला आलेली.

फोटो कालक्रमाने लावले की आणखी एक गोष्ट दिसू लागते, आणि ती फोटोंत नसलेल्यांची आहे. १९१६ साली गावात १७६ माणसं होती. पहिलं महायुद्ध संपलं, खारवलेल्या बांगड्याचा बाजार बसला, आणि तरुण पोरं-पोरी अमेरिकेला निघाल्या. बहुतेकांचा मुक्काम एकच, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफिल्ड. तिथे आधी गेलेली बहीण पुढच्या बहिणीच्या तिकिटाचे पैसे धाडायची. पश्चिम आयर्लंडच्या घराघरांत त्या काळी ‘अमेरिकेचं पत्र’ यायचं. त्यात डॉलर असायचे आणि कधी स्टुडिओतला फोटोही, टोपी-कोटातली, ओळखू न येणारी लेक. म्हणजे एका बाजूला पाहुणे बेटावरच्या म्हाताऱ्यांना टिपत होते, आणि दुसऱ्या बाजूला त्यांची मुलं पाच हजार किलोमीटरवर रंगवलेल्या पडद्यापुढे उभी राहत होती. हे दोन्ही ढीग एकत्र ठेवले तरच एक कुटुंब पुरं होतं.

शाळा १९४१ साली बंद पडली, मुलंच उरली नाहीत. १९४६च्या नाताळाच्या सुमारास एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. हवा बिघडलेली, बेटावरचा रेडिओ-टेलिफोन मुका. ना डॉक्टर आला, ना पाद्री. जानेवारीत तो गेला आणि गावाचा धीर सुटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळाने कोंडलेल्या गावाने पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली: वादळात अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा. अन्न आलं. जुलैमध्ये डी व्हॅलेरा स्वतः बेटावर आले.

या काळातला सर्वांत गाजलेला चेहरा एका पोराचा आहे. गॅरोद ओकाहान १९४७ साली जन्मला आणि बेटावर तेवढं एकच मूल होतं. त्याच्यानंतरचा सर्वांत तरुण माणूस त्याच्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठा. एका वर्तमानपत्राने ‘जगातला सर्वांत एकटा मुलगा’ म्हणून त्याची बातमी केली, खेळायला म्हणे त्याला फक्त समुद्रपक्षी. जगभरातून पत्रं आली. गॅरोदने मोठेपणी, २०१४ साली, त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात सांगितलं की आपण एकटे वगैरे मुळीच नव्हतो. अख्खं गाव त्याचे आजोबा आणि काका होतं, आणि लाड करायला स्पर्धक कोणी नाही. फोटोने एक सांगितलं, फोटोतल्याने दुसरं. ब्लास्केटमध्ये हे असंच चालत आलं आहे.

१७ नोव्हेंबर १९५३, गाव रिकामं करायचा दिवस. अधिकृत यादीत उरलेली माणसं २२. ‘सेंट लॉरेन्स ओटूल’ ही मासेमारी बोट त्यांना न्यायला आली. किलार्नीचा वृत्तछायाचित्रकार डोनल मॅकमोनागल हजर होता. समुद्र त्याही दिवशी धड नव्हता. नेवोगमधून बोटीवर घरातलं सामान चढवणं अवघड झालं आणि सगळ्यांचं निघणं त्याच दिवशी काही जमलं नाही. त्या फोटोंत रडारड नाही. गाठोडी आहेत, टोप्या सावरणारे पुरुष आहेत, आणि एखादी वस्तू कुठे ठेवावी या विचारात पडलेले चेहरे. घर बदलताना माणसं दिसतात तशीच दिसतात. त्यांना डनक्विनच्या बाजूला घरं मिळाली, जिथून दारात उभं राहिलं की सोडलेलं बेट समोर.

आज डनक्विनला ब्लास्केट केंद्र आहे, १९९०च्या दशकात उभं राहिलेलं. फोटो, पुस्तकं, नेवोग सगळं तिथे मांडलं आहे, आणि काचेतून बेट दिसत राहतं. उन्हाळ्यात डनक्विन, डिंगल, व्हेंट्री इथून बोटी सुटतात. बेटाला मोठा धक्का आजही नाही. शेवटचा टप्पा छोट्या रबरी होडीतून, आणि पाय ठेवायचा तो त्याच अरुंद उतारावर जिथून ते काळे भुंगे पाण्यात उतरायचे. वर गेल्यावर छप्पर उडालेल्या भिंती. फोटोतली कोनाकृती भिंत आणि समोरची भिंत ताडून पाहत कुणाचं घर कोणतं हे लावता येतं. टोमासचं घर डागडुजी करून पुन्हा उभं केलं आहे. खाली पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर करड्या सीलांचे कळप पसरलेले असतात, त्यांना माणसं येण्या-जाण्याशी देणंघेणं नाही.

२०२० साली इथलं कॉफीचं दुकान आणि मुक्कामाच्या खोल्या हंगामभर सांभाळायला दोन माणसं हवीत अशी जाहिरात निघाली. वीज नाही, गरम पाणी नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं होतं. जगभरातून हजारो अर्ज आले. संध्याकाळची शेवटची बोट गेली की अख्ख्या बेटावर ती दोघं, मुक्कामाला थांबलेले मोजके पाहुणे, मेंढ्या आणि मेणबत्त्या, आणि पलीकडे डनक्विनच्या घरांतले विजेचे दिवे.