वारीतील मुक्कामाची जागा

ज्येष्ठाचा वद्य पक्ष जवळ आला म्हणजे आपल्या शेतकरी बंधूंपैकी पुष्कळांस पंढरीच्या वाटेची ओढ लागते. मृगाचा पाऊस वेळेवर झाला असल्यास पेरणी उरकून, आणि तो लांबला असल्यास पेरणीचे काम मुलांवर सोपवून, मनुष्य खांद्यावर पताका घेतो. चालण्याची तयारी सर्वजण करतात. परंतु रात्री पाठ कोठे टेकावयाची, याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर तीन वाऱ्या केल्या. पहिल्या वारीत याच बाबतीत आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो सांगून इतरांस सावध करावे, हा या लेखाचा हेतू आहे.

ही पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास या सोहळ्यास जी शिस्त लावून दिली, तीच मुख्यत्वे आजही चालू आहे. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी असे मुक्काम करीत सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट आषाढ शुद्ध दशमीपर्यंत संपते. तिथींच्या क्षयवृद्धीप्रमाणे एखादा मुक्काम वाढतो, इतकेच. म्हणजे गाव आपणांस निवडावयाचा नसतो. तो ठरलेलाच असतो. गावातील जागा मात्र निवडावी लागते, आणि सारे सुखदुःख तेथेच आहे.

पुण्यात शाळा, देवळे व वाडे यांत आसरा मिळतो. पुढे दिवेघाट चढून सासवडास पोहोचेपर्यंत तीसएक किलोमीटरांची मजल होते, आणि त्या रात्री मनुष्य दगडावरही निजतो. खरी निवड त्यापुढे सुरू होते. कारण तेथून बहुतेक रात्री उघड्या रानातच तंबू ठोकावे लागतात.

जमिनीची पारख शेतकऱ्यास शिकवावयास नको. परंतु पिकासाठी जी जमीन चांगली, ती निजण्यास चांगली नसते, हे ध्यानात ठेवावे. काळी कसदार जमीन पाणी धरून ठेवते. आषाढातील एक सर आली की तिचा चिखल होतो, तंबूच्या मेखा सैल पडतात आणि अंथरूण खालून भिजते. उलट, दप्तरात जिची नोंद पोटखराबा म्हणून होते व जिच्यावर आकारही बसत नाही, ती मुरमाड, किंचित उताराची जागा वारकऱ्यास सोन्यासारखी. पाणी तिच्यावर थांबत नाही. नाल्याचा काठ, बांधाची खालची बाजू आणि चाकोरीने खोल गेलेली गाडीवाट ही तीन ठिकाणे कितीही मऊ दिसली तरी टाळावीत. पिण्याचे पाणी जवळ असावे, पण विहिरीच्या अगदी काठाशी बिऱ्हाड करू नये. अंधारात बिनकठड्याची विहीर दिसत नाही. शौचाची सोय पाण्यापासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावी. कडब्याच्या गंजीजवळ चूल पेटवू नये.

एवढे सर्व आम्हांस पहिल्या वारीतही ठाऊक होते. तरीही प्रमाद घडला, तो असा.

आमच्याबरोबर गावातील एक वयोवृद्ध शेतकरी होते. त्यांस सारा गाव तात्या म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, कानांनी थोडे कमी ऐकू येई. निघतेवेळी त्यांच्या मुलाने आमचा हात धरून, “भाऊसाहेब, तात्यांना तुमच्या हवाली केलंय,” असे सांगितले होते. फलटणच्या अलीकडच्या एका मुक्कामी दिंडीचा तंबू सखल, काळ्या रानात पडला. रानाचा उतार नाल्याकडे आहे, हे आम्ही दुपारीच पाहिले होते. दिंडीचालकांस ते सांगावयास पाहिजे होते. परंतु त्याच सुमारास गावातील एका परिचित गृहस्थांनी आपल्या पक्क्या घरातील खोली आम्हांस देऊ केली. खाट, पंखा, स्नानास ऊन पाणी. आठ दिवसांच्या चालण्यानंतर मोह आवरला नाही. खोलीत जागा एकाचीच होती. तात्या म्हणाले, “दिंडी सोडून निजू नये, भाऊसाहेब.” पहाटे कर्णा वाजण्यापूर्वी परत येतो, असे सांगून आम्ही निघालो. आमची वळकटी तात्यांपाशीच राहिली. विणेकऱ्यांस किंवा चालकांस आम्ही काहीच कळविले नाही.

मध्यरात्रीनंतर मोठा पाऊस झाला. नाल्याचे पाणी रानात शिरले. दिंडीतील मंडळींनी काळोखात तंबू उतरविला आणि पुढील शाळेचा आसरा घेतला. तात्या मात्र हलले नाहीत. “भाऊसाहेब परत येतील, ते मला कुठे हुडकतील?” एवढेच ते म्हणत राहिले. दोघा तरुणांनी त्यांस बांधावर आणून डोक्यावर प्लास्टिकचा कागद दिला व पहाटेपर्यंत ते त्यांच्याजवळ बसून राहिले. आम्ही कोरड्या अंगाने परत आलो, तेव्हा तात्या आमची वळकटी पोटाशी धरून थरथर कापत होते. वळकटी कोरडी होती.

त्यांस ताप भरला. वाटेवरील फिरत्या दवाखान्यात औषध मिळाले. पण पुढील तीन मजला त्यांस सामानाच्या गाडीत बसून काढाव्या लागल्या. ज्या मनुष्याने चाळीस वर्षांत एक पाऊल वाहनात टाकले नव्हते, त्याची ही वारी आमच्या एका रात्रीच्या सुखापायी खंडित झाली. ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत. म्हणूनच ती गोष्ट अधिक बोचते.

तळावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. चोपदाराने चोप उंच धरताच हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मग हरवले-सापडल्याची माहिती सांगितली जाते, ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ पुकारली जाते. एवढ्या मोठ्या समुदायात कोण कोठे आहे हे सर्वांस कळावे, म्हणून ही योजना आहे. आम्ही आरतीस उभे राहिलो आणि त्यानंतर कोणास न सांगता निघून गेलो. तेव्हा पहिला नियम हाच समजावा की, दिंडीबाहेर निजावयाचे झाल्यास ठिकाण चालकांस सांगितल्यावाचून जाऊ नये, आणि हवाली केलेले मनुष्य मागे ठेवून तर मुळीच जाऊ नये.

त्या दिवसापासून आम्ही दुपारीच तंबूच्या गाडीबरोबर पुढे जाऊन जागा पाहण्याचे काम पत्करले. नातेपुत्याच्या पुढे एका वस्तीवरील शेतकऱ्याने आपले खळे व गोठा आम्हांस मोकळा करून दिला. जनावरे त्याने लिंबाखाली बांधली. जमीन मुरमाची, वारा मोकळा, पाणी हाकेच्या अंतरावर. घरातील वृद्ध माउलीने तात्यांचे पाय ऊन पाण्याने शेकून तेल चोळले. रस्त्याकडेचे दहा गुंठे रान बिनपेरलेले दिसले, म्हणून आम्ही जुन्या सवयीने कारण विचारले. तो म्हणाला, “पालखी गेल्यावर पेरलं तरी उगवतंच की.” पंखा व खाट यांची ती खोली आज आम्हांस नीट आठवतही नाही, हे खळे मात्र आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुन्हा चालू लागले.

ज्यांची शेते या वाटेवर आहेत अशा वाचकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बिनकठड्याच्या विहिरीस काटेरी कुंपण करून दिवा लावावा. मोटारीच्या उघड्या तारा दूर कराव्यात. उभ्या पिकाची हद्द दोरीने दाखवावी. पाणी कोठे साचते, हे जागेच्या मालकाइतके दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते. ते पाहुण्यास आपण होऊन सांगावे. आणि पाहुण्यांनी निघतेवेळी मेखांचे खड्डे बुजवावे, पत्रावळी व प्लास्टिक गोळा करावे, चूल विझवावी. ज्याने पेरणी थांबवून आपणांस जागा दिली, त्याचे रान त्याच्या हाती नांगरण्याजोगे परत गेले पाहिजे.

यंदाही आम्ही जाणार आहोत. तात्या आता चालू शकत नाहीत, पण वळकटी बांधताना शेजारी येऊन बसतात आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, “या खेपेला बरोबर कोण आहे?” जागा कोणती, हे ते विचारीत नाहीत.