बालशस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी : क्रम कसा ठरतो?

नंतर नाव नोंदविलेल्या मुलाची शस्त्रक्रिया आधी का झाली, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. देणगीदार व विश्वस्त यांनाही उत्तर कळावे, म्हणून हे विवेचन.

‘तातडीची नाही’ याचा अर्थ ‘केव्हाही केली तरी चालेल’ असा नाही. तान्ह्या मुलाच्या जांघेतील हर्नियात आतडे अडकण्याचा धोका अधिक असतो. म्हणून अशी नावे आधी घेतली जातात. अंडकोशात न उतरलेले वृषण पहिल्या ६ महिन्यांत पुष्कळदा आपोआप उतरते. त्यानंतर ती शक्यता मावळते, म्हणून साधारण ६ ते १८ महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करणे हितावह; विलंबाने पुढे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. दुभंगलेली टाळू बोलण्याच्या सवयी पक्क्या होण्यापूर्वी शिवणे श्रेयस्कर. याउलट बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. तेथे वाट पाहणे हाच उपचार. सारांश, आमची यादी नोंदणीच्या तारखेने नव्हे, तर मुलाच्या वयाने व आजाराच्या स्वरूपाने चालते.

विलंबाचे कारण केवळ खाटांची संख्या नाही. बालकांना भूल देण्याचा अनुभव असलेले तज्ज्ञ, लहान मापाची उपकरणे व प्रशिक्षित परिचारिका एकाच दिवशी उपलब्ध असाव्या लागतात. तातडीचा रुग्ण आला, तर नियोजित नाव पुढे ढकलावे लागते. मुलाला ताप, सर्दी वा खोकला असल्यास भुलेत श्वसनाचा धोका वाढतो. तेव्हा शस्त्रक्रिया काही आठवडे लांबते आणि मोकळी वेळ दुसऱ्या मुलाला दिली जाते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. शुल्क भरणारे व न भरणारे यांची यादी आम्ही एकच ठेवतो. देणगीदारांची शिफारसपत्रेही आम्ही आदराने स्वीकारतो. तथापि क्रम बदलत नाही. एक नाव पुढे सरकले की दुसरे मागे जाते, आणि त्या दुसऱ्या मुलासाठी पत्र लिहिणारे बहुधा कोणी नसते.

पालकांना विनंती, की दूरध्वनी क्रमांक बदलल्यास तो त्वरित कळवावा, मुलाचे आजारपण लपवू नये आणि शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याच्या सूचना काटेकोर पाळाव्यात. हर्नियाची गाठ कडक झाली, दुखू लागली वा उलट्या सुरू झाल्या, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात यावे.

देणगीदारांस नम्र निवेदन, की आपले साहाय्य बालकांची भूल-उपकरणे व परिचारिकांचे प्रशिक्षण यांकडे वळविल्यास संपूर्ण यादी पुढे सरकते. त्यात प्रत्येक मुलाचा वाटा आहे.