काठावर येण्याचा शब्द

गरिबीतून बाहेर पडलं की आपण म्हणतो, दिवस पालटले. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत त्यासाठी 'आहोन' हा शब्द आहे. मूळ अर्थ पाहून मी थक्क झालो: पाण्यातून निघून काठावर चढणं! सात हजारांहून जास्त बेटं, दरसाल येणारी चक्रीवादळं, गल्लीत शिरणारं पुराचं पाणी. अशा देशाला याहून नेमका शब्द कुठून सुचणार?

शिकून काय करायचंय, असं तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला विचारलं, तर उत्तरात 'आहोन'च्या शेजारी बहुतेक वेळा घर असतं. एकटीनंच काठ गाठला तर ते बाहेर येणं कसलं? थोरली बहीण, म्हणजे 'आते', नोकरीला लागली की धाकट्याची फी भरते. धाकटा पुढच्याची. खाऊनपिऊन सुखी घराला तिथे 'लुवाग' असलेलं, म्हणजे सैल, मोकळं घर म्हणतात. किती सुंदर! पैसा म्हणजे हातपाय पसरायला जागा.

पण काठ गाठायचा कसा? सरकारी विद्यापीठांतली पदवीची फी 2017 च्या कायद्याने माफ झाली. तरीही डिप्लोमा मोठा की 'दिस्कार्ते', हा वाद मुलांमध्ये रंगतो. दिस्कार्ते म्हणजे अडचणीतून वाट काढण्याची हुशारी. शब्द स्पॅनिश, पत्त्यांच्या डावात नको ते पान टाकण्यावरून आलेला. मला दोन्ही बाजू पटतात. पण पदवी हातात असूनही अनेकांचा काठ परदेशातच असतो. 1974 च्या कामगार कायद्यापासून सरकारनेच माणसं बाहेर पाठवण्याची व्यवस्था उभी केली. 2023 मध्ये या बाहेर गेलेल्या माणसांनी बँकांमार्फत घरी धाडलेले पैसे 33 अब्ज डॉलरच्या वर होते, देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. कितीतरी मुलं आईला व्हिडिओ कॉलवर पाहतच मोठी होतात.

घरच्यांनी आपल्यासाठी केलेल्या अशा उपकाराच्या जाणिवेला 'उतांग ना लोओब' म्हणतात: आतलं, मनातलं ऋण. हे ऋण कधी फिटतं का, असं आता तरुण मुलं उघडपणे विचारू लागली आहेत. मला हा प्रश्न फार धीराचा वाटतो, कारण तो आईबापांवर जीव असणारी मुलं विचारतात.

शाळेच्या पदवीदान समारंभात मुलाच्या गळ्यात पदक घालायला आईवडील मंचावर चढतात. आई हाँगकाँगला कामाला असेल, तर आजी चढते.