बोटभर सैनिकाचा उजेड

पावणेसहा फुटांचा शिपाई १:३५ प्रमाणातल्या छोट्या पुतळ्यात जेमतेम पाच सेंटिमीटर उरतो. एवढ्याशा अंगावर खोलीतला दिवा खऱ्या उन्हासारखी सावली पाडत नाही; कोटाच्या चुण्या पुसट होतात, हनुवटीखालचा अंधार हरवतो. म्हणून सावली रंगवावी लागते. असे पुतळे रंगवण्याच्या कलेचं मर्म इथेच आहे.

वॉटर्लूच्या लढाईतला (१८१५) फ्रेंच पायदळाचा शिपाई घ्या. प्रायमर वाळला, की गडद निळ्या कोटावर पाण्याने पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिकचे एकावर एक हात द्यायचे. लहान वस्तूवर रंग जास्तच गडद भासतो, त्यामुळे मूळ निळा किंचित फिकट करून घेतात. मग चुणीच्या तळाशी गडद छटा, कडांवर उजळ.

डोळे सर्वांत अवघड. शुभ्र पांढऱ्यावर काळा ठिपका टेकवला, की शिपाई दचकलेला दिसतो! पांढरा थोडा मळवून वरच्या पापणीची गडद रेघ ओढली, की नजर जिवंत होते.

अमेरिकेतले शेप पेन (१९४६–२०१५) असे रंगवलेले सैनिक मांडून छोटी दृश्यं रचण्यासाठी नावाजले. दृश्यातला चिखल फक्त जमिनीवर ठेवून भागत नाही. तो बुटांवर आणि कोटाच्या घेरावरही चढवावा लागतो.