बालकांमधील केमोपोर्ट रोपण

केमोपोर्ट हे त्वचेखाली बसवले जाणारे आणि हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत (शिरेत) औषध पोहोचवणारे वैद्यकीय उपकरण आहे. दीर्घकाळ रसायनोपचार (केमोथेरपी) घ्यावे लागणाऱ्या बालकांमध्ये त्याचा विशेष उपयोग होतो. तीव्र लसिकापेशी रक्तार्बुद हा बालकांमधील सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून त्याचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात हातापायांच्या बारीक शिरा वारंवार टोचल्याने निकामी होतात. विन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन यांसारखे औषध शिरेबाहेर पसरल्यास भोवतालच्या ऊतींना गंभीर इजा होते.

रचना

पोर्टचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे टायटॅनियम किंवा प्लॅस्टिकची लहान डबी. तिच्यावर सिलिकॉनचा जाड पडदा असतो. दुसरा भाग म्हणजे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची लवचीक नळी. औषध देताना त्वचेतून ह्यूबर सुई या पडद्यात टोचतात. या सुईच्या विशिष्ट टोकामुळे पडद्याचा तुकडा निघत नाही व तो पुन्हापुन्हा वापरता येतो.

रोपणाच्या पद्धती

बालकांमध्ये रोपण सामान्यतः पूर्ण भूल देऊन केले जाते. त्याआधी रक्तातील बिंबाणूंची (प्लेटलेट) संख्या व रक्त गोठण्याची क्षमता तपासतात.

खुली पद्धत: मानेवर लहान छेद घेऊन नीला प्रत्यक्ष उघडी केली जाते व तिच्यात नळी घातली जाते. फुप्फुसाला इजा होण्याचा धोका यात अत्यल्प असतो; मात्र नीला बांधावी लागल्यास ती पुढे वापरता येत नाही.

सुईद्वारे पद्धत: ही पद्धत स्वीडिश वैद्य सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेल्या तंत्रावर आधारित आहे. सुईतून तार, तारेवरून आवरण आणि आवरणातून नळी असा तिचा क्रम असतो. सोनोग्राफीच्या साहाय्याने नीला पाहतच सुई टोचल्यास शेजारची धमनी व फुप्फुस यांना इजा होण्याची शक्यता कमी होते. नीलाही बहुधा शाबूत राहते.

मानेतील उजवी अंतर्गत ग्रीवा नीला हृदयाकडे जवळजवळ सरळ जात असल्याने तिला बहुधा प्राधान्य देतात. जत्रुकाखालील (गळ्याच्या आडव्या हाडाखालील) नीलेतून घातलेली नळी ते हाड व पहिली बरगडी यांच्यामध्ये चिमटून कालांतराने तुटू शकते.

नळी त्वचेखालील बोगद्यातून छातीवरील कप्प्यात आणून डबीला जोडतात. नळीचे टोक ऊर्ध्व महानीला व उजवे अलिंद यांच्या संधीजवळ असावे लागते. त्याची खात्री क्ष-किरणांद्वारे केली जाते. मूल वाढते तसे हे टोक वर सरकू शकते.

गुंतागुंत व देखभाल

जंतुसंसर्ग, नळी तुंबणे, नीलेत रक्ताची गुठळी होणे आणि नळी जागेवरून सरकणे या प्रमुख गुंतागुंती होत. प्रत्येक वापरानंतर, तसेच वापर नसताना ठरावीक काळाने, बहुधा चार आठवड्यांनी, नळी सलाइन व हेपॅरिनने धुतात. रसायनोपचार चालू असलेल्या बालकाला ताप आल्यास ती तातडीची स्थिती मानली जाते. अशा वेळी रक्ताचे नमुने घेऊन शक्यतो पहिल्या तासातच प्रतिजैविके सुरू करतात. उपचार संपल्यावर छोट्या शस्त्रक्रियेने पोर्ट काढला जातो.

महाराष्ट्रात

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना 1941) हे बालकर्करोगावरील उपचारांचे प्रमुख केंद्र आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना जिल्ह्यातील आष्टी (ता. परतूर) यांसारख्या गावांतील बालकांना अशा केंद्रांपर्यंत प्रवास करावा लागतो. दोन भेटींमधील काळात मूल घरी राहू शकते, कारण त्वचेबाहेर काहीही नसल्याने पोर्टला रोजची मलमपट्टी लागत नाही. त्यामुळे दूरच्या कुटुंबांना तो बाहेर लोंबणाऱ्या नळीपेक्षा सोयीचा ठरतो. तथापि ह्यूबर सुई आणि ती निर्जंतुक रीतीने टोचू शकणारी प्रशिक्षित परिचारिका जवळ नसल्यास केवळ नळी धुण्यासाठीही मोठ्या शहरात जावे लागते. म्हणून रोपणापूर्वीच ताप आल्यास कोठे जायचे व पोर्ट कोठे धुतला जाईल, हे पालकांना समजावून सांगणे उपचाराचा आवश्यक भाग ठरते.