ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि आपला वरुण

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची एक टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथें जमिनीखालून कांशाच्या वस्तूंचा एक संचय हातीं आला. अभ्यासक तो प्रा. कुंदणगार यांच्या नांवानें ओळखतात. पाठोपाठ १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आणले. त्या कांशाच्या वस्तूंत वीतभरहि उंची नसलेली एक मूर्ति होती. ती आपल्या कोणत्याहि देवाची नव्हती. ती ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची होती. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत रोमन साम्राज्याचा पश्चिम किनाऱ्याशीं जो व्यापार चाले, त्याच्याबरोबर कोंकणांत उतरून व घाट चढून ती येथवर आली असावी. आज ती टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे.

ती पाहणाराच्या मनांत सहज येतें कीं, हा म्हणजे त्यांचा वरुणच. हें म्हणणें कितपत खरें, याचा विचार आज करावयाचा आहे.

देवांची अशी तुलना नवी नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ मध्यें ग्रीस, इटली व हिंदुस्थान येथील देवांवर निबंध लिहिला आणि रोमन लोकांचा द्विमुखी देव जेनस व आपला गणपति यांचें साम्य दाखविलें. दोघांचेंहि स्मरण कार्यारंभीं होतें, एवढें खरें. परंतु नांव, रूप, कथा, कशांतच त्यांचें नातें नाहीं. जोन्स यांच्यासारखा पंडितहि येथें फसला. मग आपण सावध असावें हें उत्तम.

साम्य तीन प्रकारचें असतें. पहिलें वारशाचें. ऋग्वेदांतील ‘द्यौष्पिता’, ग्रीकांचा ‘झ्यूस पिता’ आणि रोमन लोकांचा ‘ज्युपिटर’ हीं तिन्ही नांवें एकाच मूळ शब्दापासून निघालीं आहेत. तेजस्वी आकाशरूपी पिता, हा त्यांचा अर्थ. हें केवळ कानाला भासणारें साम्य नव्हे. या भाषांतील शेंकडों इतर शब्दांत जे ध्वनींचे नियम दिसतात, तेच येथेंहि लागू पडतात. उलट वरुण व ग्रीकांचा आकाशदेव युरेनस हे एकच, असें पूर्वीं पुष्कळ जण मानीत. त्याच नियमांच्या कसोटीस तें न उतरल्यामुळें आतां बहुतेकांनीं तें सोडून दिलें आहे.

दुसरें साम्य समान अनुभवाचें. इंद्र वृत्राला मारून अडलेलें पाणी मोकळें करतो. बाबिलोनचा मार्डुक टायामात नांवाच्या आदिसागररूपी राक्षसीस मारून तिच्या देहापासून आकाश व पृथ्वी घडवितो. झ्यूस विजेच्या आघातानें टायफनला लोळवितो. बाबिलोनची भाषा आपल्या भाषेच्या कुळांतील नाहीं. तरी कथेचा सांगाडा एकच. पूर, अवर्षण आणि अराजक यांचें भय सर्व मानवांस सारखेंच. त्या भयावर मात करणाऱ्यास राजपद द्यावें, हेंहि सर्वांस सुचणारेंच.

तिसरें साम्य देवघेवीचें. आपल्या गुरुवारास रोमन लोक ज्युपिटरचा वार म्हणत आणि इंग्रजींत तो मेघगर्जनेचा देव थॉर याच्या नांवानें चालतो. ग्रहांच्या नांवांचा हा आठवडा पश्चिमेकडून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला. बुधगुप्ताच्या काळच्या, इ. स. ४८४ च्या एरण येथील लेखांत वाराचा जो फार जुना उल्लेख आहे, तो नेमका गुरुवारचा आहे. वार बाहेरून आला; बृहस्पति मात्र आपला पूर्वींचाच. ब्रह्मपुरीची मूर्ति ही देवघेवीचीच दुसरी साक्ष होय.

आतां पोसायडन व वरुण यांच्याकडे वळूं. त्यांच्या नांवांचा परस्परांशीं संबंध नाहीं. तरीहि दोघांच्या चरित्रांत एक विलक्षण सारखेपणा आहे, आणि तो पाण्याचा नव्हे. तो पदच्युतीचा आहे. ग्रीसमधील पायलॉस येथें सांपडलेल्या मृत्तिकालेखांचें वाचन १९५२ मध्यें मायकेल व्हेंट्रिस यांनीं ती लिपि उलगडल्यानंतर शक्य झालें. ख्रिस्तपूर्व १३ व्या शतकाच्या सुमारच्या त्या राज्यांत पोसायडनचा मान झ्यूसपेक्षांहि मोठा होता, असें तेथील नैवेद्याच्या नोंदींवरून दिसतें. पुढें होमरच्या काव्यांत तीन भावांनीं चिठ्ठ्या टाकून विश्व वांटून घेतल्याची कथा येते. आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला, पाताळ हेडीसला. पोसायडनला तेथें झ्यूसचें वरचढपण सलतें. पण शेवटीं तो माघार घेतो.

वरुणाचेंहि असेंच झालें. ख्रिस्तपूर्व १४ व्या शतकांत मितानीच्या राजानें हित्ती राजाशीं केलेल्या तहांत साक्षी म्हणून मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हे देव आहेत. शपथ मोडणारास पाशांत बांधणारा, ऋताचा रक्षक, सम्राट्, असा तो ऋग्वेदांतील वरुण. परंतु त्याच ऋग्वेदांत सुमारें पाव सूक्तें इंद्राचीं आहेत आणि केवळ वरुणाचीं म्हणावीं अशीं फार थोडीं. पुराणांत तर तो मकरावर बसलेला, पश्चिम दिशेचा दिक्पाल व जलाधिपति एवढाच उरला. इंद्राचेंहि आसन टिकलें नाहीं. गोवर्धनाच्या कथेंत त्याचा यज्ञ बंद पडतो व त्याला गोपाळांपुढें हार खावी लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. ‘मुख्य देव’ हें देवाचें अंगचें लक्षण नसून एक पद आहे. तें कोण देतो? पुष्कळदां राजसत्ता देते. बाबिलोन वाढलें तसा मार्डुक वाढला. ईजिप्तमध्यें थीब्ज नगर वर आलें तेव्हां आमेन देवांचा राजा झाला. कोल्हापूरचे शिलाहार राजेहि ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ असें बिरुद मिरवीत. फरक इतकाच कीं येथें तें पद आईला मिळालें.

पण राजसत्तेनें दिलेलें पद राजसत्तेबरोबर जातें, असा अनुभव आहे. मार्डुकाचीं देवळें आज मातींत आहेत. शिलाहारांचें राज्य तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीच्या यादवांनीं घेतलें. अंबाबाईच्या दारची गर्दी मात्र हटली नाहीं. याचें कारण ताम्रपटांत शोधून सांपडणार नाहीं. आषाढांत पंचगंगेला नवें पाणी आलें कीं तें कलशांत भरून वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेणाऱ्या लोकांत तें आहे. जी देवता लोकांच्या पावसापाण्याशीं, सुगीशीं, घरच्या नवसाशीं बांधली गेली, तिला सिंहासनाचा आधार लागत नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, टाउन हॉलमध्यें जाल तेव्हां त्या चिमुकल्या पोसायडनला ‘हा आमचाच वरुण’ असें म्हणूं नका, आणि ‘हा परका, आम्हांला काय त्याचें’ असेंहि म्हणूं नका. पहिल्या बोलण्यांत अभिमान आहे, दुसऱ्यांत आळस. ज्ञान दोहोंतहि नाहीं. साम्य दिसलें कीं तें वारशाचें, अनुभवाचें कीं देवघेवीचें, एवढें आपल्या मनास विचारावें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या कोणीं ती मूर्ति समुद्र न दिसणाऱ्या या गांवीं आणून जपून ठेवली, त्यानें पाहुण्याला घरांत घेतलें. त्या पाहुण्याचें नांवगांव नीट विचारणें, एवढें आपल्याकडे उरलें आहे.