घरचा जुना सर्व्हर: ठेवावा की थांबवावा?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जिन्याखाली चोवीस तास चालणाऱ्या फाइल सर्व्हरची धास्ती वाटतेच. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, चादरींच्या जॅकार्ड डिझाइनच्या फाइली, सारे त्यातच असते.

2007 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णतेचा परिणाम समजुतीपेक्षा कमी निघाला; तो ठळक दिसला तो तीन वर्षांहून जुन्या, फार तापणाऱ्या डिस्कमध्ये. खरा इशारा वेगळाच होता. डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना पहिली त्रुटी (स्कॅन त्रुटी) आल्यावर साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता 39 पट दिसली. डिस्क अशा बिघाडांची नोंद ‘स्मार्ट’ अहवालात ठेवते. त्यात खराब सेक्टरांचा आकडा वाढू लागला, की डिस्क बदलायचीच. मात्र अहवाल स्वच्छ असूनही कित्येक डिस्क अचानक गेल्या, हेही त्याच अभ्यासात आढळले.

बाकी यंत्राचा निर्णय वीजबिलावर करावा. 70 वॅट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सुमारे 613 युनिट घेतो. 20 वॅटचे छोटे यंत्र 175. शिवाय सुरक्षा अपडेट बंद झालेली प्रणाली, उदाहरणार्थ जानेवारी 2020 नंतरची विंडोज 7, इंटरनेटला जोडून ठेवू नये. माझ्या मते तिथे चर्चा संपते.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड रचना म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. काहीही ठरवण्याआधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, त्यातल्या चार फाइली उघडून पाहा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.